अकरा दिवसांची दारूबंदी

सरकारने दारूबंदी आणली, त्याच्या आधी आमच्या वाडीत ती मी आणली होती. बरोबर अकरा दिवस टिकली. सरकारची किती टिकली ते तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा मला कुणी हसू नये.

आणि आणली कुणी, तर माडीवाल्याच्या मुलीने! हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी तोंडाला पदर लावायला नको. माझे वडील माड चढायचे. वसईजवळच्या गिरीजला केळीच्या आणि भाजीच्या वाड्या, आणि वाडीवाडीच्या बांधावर माड. त्यातले पुष्कळसे माड माडीसाठी बाबांकडे असत. सकाळ-संध्याकाळ ते वर चढायचे, न उमललेल्या तुऱ्याचं टोक कोयत्याने नखभर तासायचे, त्याच्या तोंडाशी बांधलेलं मडकं सोडून दुसरं बांधायचे आणि ठिबकलेल्या रसाने, म्हणजे माडीने, भरलेलं मडकं कमरेला लावून खाली यायचे. सकाळची माडी गोड, दुपारची आंबूस, आणि संध्याकाळची कशी ते ज्याचं त्याला माहीत. आमचं घर त्या मडक्यांवर चालायचं. माझी शाळासुद्धा.

मी तेव्हा इंग्रजी पाचवीत होते, म्हणजे आताची नववी. देश स्वतंत्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. दारूबंदी येणार, येणार अशी नुसती हवा होती, पण आमच्या माडांपर्यंत काही ती पोचली नव्हती. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं आतेने, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीने. आते मायाळू होती, पण तिच्या मायेला एकच दिशा ठाऊक होती, ती म्हणजे माझं लग्न. अर्नाळ्याचं एक स्थळ तिने हेरून ठेवलं होतं. घरची होडी, दोन दीर, सासू नाही. "सासू नाय गो!" असं ती मला दिवसातून चार वेळा ऐकवायची, जणू देवच पावला. शाळेचं नाव काढलं की म्हणायची, "शिकून काय करनार? माडावर चढून इंग्रजी फाडनार?"

मला शिकायचं होतं. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. पण लग्नाचा विषय निघाला की मी वही घेऊन ओट्यावर जाऊन बसायची. बाबा मात्र दोन्हीकडे मान डोलवायचे. शेवटी आतेने फारच लावून धरलं तेव्हा म्हणाले, "गॅदरिंगला जातो. पोरीला काय शिकवतात ते एकदा डोळ्यांनी बघतो. मग सांगतो." म्हणजे माझं सगळं त्या एका दुपारवर येऊन ठेपलं. त्या दुपारी बाबांना शाळा पटली तर सहावी, नाही तर होडी आणि दोन दीर.

आता बाईंबद्दल सांगते. आमच्या इतिहासाच्या बाई दादरहून आलेल्या, वसईत एका खोलीत राहायच्या. खादीचं पातळ, जाड चष्मा, आणि बोलायला लागल्या की खडू हातातच मोडायचा. पुस्तकात अमेरिकेला दीड पान होतं. बाईंनी त्याचे दोन महिने केले. म्हणायच्या, "त्यांनी इंग्रजांना घालवलं, आपणही घालवलं. घालवून झाल्यावर काय करायचं, हा खरा प्रश्न!" मग त्या देशाने पहिली पन्नास-साठ वर्षं काय काय उद्योग केले ते रंगवून सांगायच्या. मुलांची पुस्तकं इंग्लंडातून आणायची नाहीत, आपली आपण लिहायची. गाणी आपली, चित्रं आपली, गोष्टी आपल्या. गावोगाव व्याख्यानांच्या सभा, सुतार आणि पाद्री एका बाकावर बसून ऐकताहेत. आणि सुधारणांचं तर पेव फुटलेलं. कुणी म्हणे गुलाम मोकळे करा. कुणी म्हणे गरिबाच्या मुलाला फुकट शाळा द्या. कुणी तुरुंग सुधारायला निघालेला. एक उपदेशक तर जाड्याभरड्या पिठाचा पाव खा, मसाला सोडा, मांस सोडा असं सांगत हिंडायचा. त्यावर मागच्या बाकावरचा कोळीवाड्यातला मुलगा म्हणाला, "बाई, त्याला आमच्याकडं आणू नका, मार खाईल." बाईसुद्धा चष्मा काढून हसल्या.

मला त्यातलं सगळ्यात आवडायचं ते बायकांचं. गुलामांच्या बाजूने बोलायला काही बायका उभ्या राहिल्या, तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणसाने चारचौघांत बोलू नये, खाली बसा. त्या बसल्या नाहीत. बाईंनी हे सांगितलं त्या दिवशी मी घरापर्यंत जवळजवळ पळतच आले, इतका आनंद झाला होता. त्या कोण कुठच्या बायका, पण मला वाटलं, माझ्याच पाठीवर कुणीतरी थाप मारली.

तर बाईंनी ठरवलं, यंदा गॅदरिंगला आमच्या वर्गाचं नाटक नाही. त्या देशातल्या गावासारखी व्याख्यानसभा भरवायची. सहा जणांनी सहा चळवळी घ्यायच्या आणि आईबापांसमोर बोलायचं. चिठ्ठ्या खडूच्या डब्यात टाकल्या. माझ्या मैत्रिणीला गुलामांची मुक्ती आली. ती ख्रिस्ती, आमच्या शेजारच्याच वाडीतली, आम्ही दोघी रोज एकत्र वसईच्या शाळेत चालत जायचो. तिने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मी हात घातला, चिठ्ठी उघडली, आणि मोठ्याने वाचली. "दारूबंदी."

वर्गात खसखस पिकली. माझा बाप काय करतो हे ठाऊक नसलेलं एकही पोर त्या वर्गात नव्हतं. एकट्या बाईंनाच ठाऊक नव्हतं, त्या नव्या. मी म्हटलं, "बाई, मला दुसरी द्या ना." बाई म्हणाल्या, "का गं? अगं, सगळ्यात मोठी चळवळ ही! तिकडे माणसं न्याहारीपासून दारू प्यायची. मजुराला मजुरीत दारू मिळायची. मग लोक दारोदार फिरले आणि कागदावर सह्या घेतल्या, की मी पिणार नाही. लहान मुलांनीसुद्धा थंड पाण्याची फौज काढली, निशाणं घेऊन गाणी म्हणत मिरवणुका काढल्या!" आणि मग त्यांना ती कल्पना सुचली, जिने माझा घात केला. "तू असं कर. नुसतं बोलू नकोस. त्या बायकांसारखी खरोखरच्या दहा सह्या घेऊन ये."

परत येताना मैत्रीण म्हणाली, "सांगून टाक ना बाईंना." मी म्हटलं, काय सांगू? माझा बाप माडी काढतो, म्हणून मी माडीविरुद्ध बोलू शकत नाही? आणि बोलले तर बाबा म्हणणार, हेच शिकवतात का शाळेत, आपल्याच ताटात माती कालवायला? आपलेच दात आणि आपलेच ओठ. रात्रभर विचार केला असं लिहिणं शोभलं असतं, पण खरं सांगायचं तर मी गाढ झोपले. सकाळी उठले ती युक्ती सुचूनच उठले.

युक्ती अशी, की बाबांच्या गिऱ्हाइकांच्या वाटेला जायचंच नाही. सह्या घ्यायच्या त्या बायकांच्या. एक तर त्या पीत नाहीत, त्यामुळे त्यांचं काही जात नाही. त्या नाही म्हणणार नाहीत. बाबांचं एकही गिऱ्हाईक तुटणार नाही. दहा सह्या होतात आणि बाई खूश. माझ्याच हुशारीचं मला इतकं कौतुक वाटलं की चहा दोनदा घेतला.

वहीचं पान फाडून मी मजकूर लिहिला. "मी शपथेवर लिहून देते की आजपासून दारू, ताडी, माडी यांचा थेंबही मी घरात आणणार नाही व आणू देणार नाही." एवढं पुरे होतं. पण वाक्य जरा बोडकं वाटलं. म्हणून शेवटी माझ्या पदरचं घातलं, "कोणत्याही कारणाने." काय भारदस्त दिसलं म्हणता!

पहिली सही मैत्रिणीच्या आईची. त्यांना मी मावशी म्हणायची. मावशींची घरची बोली वेगळी, पण ती लिहायला गेले तर माझी मैत्रीण अजूनही चुका काढते, म्हणून साध्या मराठीत सांगते. मावशी दूध तापवत होत्या. म्हणाल्या, "दारू? नाव काढू नकोस. माझ्या दिराचं काय झालं बघितलंस ना. आण इकडे." अंगठा उठवला आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. तिथून मी सुटलेच. बांधाबांधाने फिरले, हिंदू बघितलं नाही, ख्रिस्ती बघितलं नाही, जी भेटेल तिचा अंगठा. कुणी म्हणाली, पोर शिकतेय, करू दे. कुणी म्हणाली, आमच्या माणसाचाही अंगठा घे की. त्यावर मी ऐकलंच नाही असं केलं. नऊ झाल्या. दहावी आतेची. तिला मजकूर वाचून दाखवला तर म्हणाली, "शी, शी, मी कशाला आनते दारू!" तिच्या भावाची मडकी तिच्याच पाठीमागे ओळीने मांडलेली होती, हे तिच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. मडकी म्हणजे दारू असं आमच्या घरात कुणाला वाटतच नव्हतं. ते बाबांचं काम होतं.

तो मंगळवार होता. संध्याकाळी दिवेलागणीला जेवायला बसलो, तर बाबांना आतेचा निळा अंगठा दिसला. "हे काय गो, खरेदीखत लिवून दिलंस काय?" आते म्हणाली, "तुझ्या लेकीनं माझी दारूबंदी केली." बाबांना आधी ठसका लागला, मग ते एवढे हसले, एवढे हसले, की डोळ्यांतून पाणी. मला म्हणाले, "वाच." त्यांना वाचता येत नव्हतं. मी घास तसाच ठेवून उठले, कागद आणला, आणि वाचला. शेवटाला आल्यावर बाबा म्हणाले, "पुन्ना वाच. शेवटचं."

"कोणत्याही कारणाने."

"कंच्याच कारनानं नाय?"

"नाही."

"बरं," म्हणाले, आणि भात कालवायला लागले. रागावले का, हसले का, काही कळेना. बाबांचा तोच तर स्वभाव. थट्टा करताना चेहरा असा, की समोरचा माणूस घाबरून जाई. मी भराभर जेवले आणि देवाला म्हटलं, निभावलं.

कसलं निभावतंय! पुढचा सोमवार सोडून त्यापुढच्या सोमवारी, म्हणजे मी अंगठे घेतले त्यानंतर तेराव्या दिवशी, मावशींच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. आणि वसईत ख्रिस्ती घरात लग्न म्हणजे फुगे. मैद्याचे, अंडं घातलेले, तळून काढलेले गोल गोल हलके फुगे. मटणाबरोबर खायचे. ते फुगवतात कशाने? माडीने! ताजी माडी पिठात घालायची, पीठ झाकून ठेवायचं, की सकाळी पातेल्याचं झाकण उचलून पीठ वर येतं. नुसत्या फुग्यांचंच नाही, तांदळाची वाफवलेली सांदणं तशीच. वाडीतल्या कितीतरी घरांत, हिंदूंच्यासुद्धा, सणाला काही आंबवायचं म्हणजे बाबांकडून तांब्याभर माडी जायची. मी जन्मभर बघत आले होते. आणि पिणारे सोडून नेमक्या त्याच बायकांचे अंगठे मी घेतले होते, ज्यांना ती खरोखर लागायची!

गुरुवारी मावशी बाबांकडे आल्या. मी ओट्यावर अभ्यास करत होते. मावशी म्हणाल्या, "रविवारी सकाळी दोन हंडे लागतील. पहाटे उतरवलेली गोड द्या." बाबा मडकं धूत होते. वर न बघता म्हणाले, "कसं देऊ? तुम्ही लिवून दिलंय."

"अहो, ते पिण्याचं!"

"पिन्याचं लिवलेलं नाय. घरात आनन्याचं लिवलंय. माझ्या पोरीनं वाचून दाखवलं. कंच्याच कारनानं नाय."

मावशी हसल्या. बाबा हसले नाहीत. मग मावशीही हसायच्या थांबल्या. "पोरीचा खेळ तो," म्हणाल्या. बाबांनी मडकं पालथं घातलं आणि म्हणाले, "माझ्या घरात पयल्यांदा कुनी चार ओळी लिवल्या. त्या मी खोट्या नाय पाडनार."

मी वहीत तोंड खुपसलं. मला हसावं की रडावं कळेना. माडीवाला माडी विकायला तयार नाही, कारण काय, तर त्याच्या मुलीने दारूबंदी केलेली! मावशींपाठोपाठ आणखी दोघी येऊन गेल्या. त्यांनाही तेच. बाबांनी अगदी आदराने, एकेकीला, परत पाठवलं.

मावशी बिचाऱ्या दुसरीकडून आणू शकल्या असत्या. पण क्रूस काढून दिलेला शब्द, तो त्यांना मोडवेना. त्या फादरकडे गेल्या. फादर म्हणाले, "ज्याला शब्द दिला त्याच्याकडूनच सोडवून घ्या." म्हणजे माझ्याकडून! वाडीतल्या दहा प्रौढ बायकांना मोकळं करायचा अधिकार आता चौदा वर्षांच्या कार्टीकडे आला. तोवर मावशींनी दह्यावर पीठ आंबवून बघितलं. त्याचे फुगे झाले नाहीत, सुपाऱ्या झाल्या. मैत्रिणीने दोन शाळेत आणले. चालता चालता आम्ही चघळत होतो, वसई आली तरी संपले नाहीत. आमच्या हसून हसून पोटात कळा आल्या. मग एकदम ती रडायलाच लागली. म्हणाली, "ताईच्या लग्नात लोक हसतील. आईने वर्षभर रेशनचा मैदा साठवलाय." तेव्हा माझं हसू पळालं.

मी सरळ बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. बाबा काय करतात, तेसुद्धा. आधी त्यांना हेच पटेना की माडी पिठात घालतात. दादरच्या बाई त्या, त्यांना पाव इराण्याकडे मिळतो एवढंच ठाऊक. मग त्यांनी विचारलं, "वडील काय म्हणाले?" मी बाबांचं वाक्य सांगितलं. बाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "अगं, तिकडेही हेच भांडण झालं होतं. काही म्हणाले, फक्त कडक दारू सोडा. काही म्हणाले, सगळं सोडा, चर्चमधली वाईनसुद्धा. चळवळीत उभी फूट पडली. तू पाठ केलेलं भाषण फाडून टाक. हे बोल."

"आणि कागदाचं काय करू?"

"तो तुझा कागद आहे. तो कसा लिहायला हवा होता ते सभेतच सांग."

शनिवारी दुपारी गॅदरिंग. आधी थंड पाण्याची फौज निघाली. पहिली-दुसरीतली पोरं पाण्याने भरलेले लोटे घेऊन शाळेभोवती फिरली. निम्मं पाणी एकमेकांच्या चड्ड्यांवर आणि उरलेलं हेडमास्तरांच्या धोतरावर. लोक पोट धरून हसले. पुढच्या रांगेत माझ्या दहाही जणी बसलेल्या, लुगडी नेटकी करून, माझ्याकडे टक लावून. आते त्यांच्यातच. बाबा बसले नव्हते. मागे फाटकाशी उभे होते, डोक्याला मुंडासं, माडावरून उतरून तसेच आलेले.

माझ्या आधी मैत्रीण बोलली. काय बोलली मला विचारू नका, माझ्या कानात नुसतं घूं होत होतं. मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. अमेरिकेतली दारू सांगितली, सह्या सांगितल्या, त्यांचं भांडण सांगितलं. तिथवर ठीक. मग कागद वर धरला. बाबांकडे बघितलं. ते नुसते बघत होते. म्हटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे.

"या कागदावर दहा अंगठे आहेत," मी म्हटलं. "हे मी चुकीचे घेतले. या दहा जणी पीतच नाहीत. ज्या पीत नाहीत त्यांच्याकडे गेले, कारण त्यांची भीती वाटत नाही. जे पितात त्यांच्यापुढे जायची माझी छाती झाली नाही. आणि 'कोणत्याही कारणाने' हे मी नुसतं शोभेसाठी लिहिलं. माझ्या शोभेपायी यांचं पीठ आंबायचं राहिलं. माझी चूक झाली. पिठात जाते ती माडी या कागदात नाही." आणि पेन्सिलीने ते दोन शब्द सगळ्यांसमोर खोडले.

आधी मावशींनी टाळी वाजवली. मग दहाही जणींनी, मग सगळ्या शाळेने. मावशी तर उठून उभ्याच राहिल्या आणि ओरडल्या, "सुटले गं बाई!" मलाही हसू फुटलं. आणि तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला, "बाई, एक इचारू?"

बाबा! सगळी सभा मागे वळली. आतेने डोळे मिटले. बाई म्हणाल्या, "विचारा ना."

बाबांनी मुंडासं काढून हातात घेतलं. "तिकडं, त्या देशात, जे दारू काढायचे, ज्यांचं पोट त्याच्यावर होतं, त्यांचं पुढं काय झालं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बाईंकडे. दोन महिने आम्ही तो देश उभा-आडवा वाचला होता. गुलाम, तुरुंग, शाळा, जाडा पाव, सगळं होतं. हे एक कुठेच नव्हतं.

"मला माहीत नाही, बाबा," मी म्हटलं.

"पुस्तकात नाय?"

"या पुस्तकात नाही."

"मग कंच्या पुस्तकात?"

तेव्हा आमच्या खादीवाल्या, सत्यवचनी बाई घसा साफ करून म्हणाल्या, "पुढच्या वर्गाच्या पुस्तकात असेल बहुतेक." ही शुद्ध थाप होती. सहावीच्या इतिहासाला अमेरिका नव्हतीच, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

बाबांनी मान हलवली. मुंडासं पुन्हा बांधलं. आणि भर सभेत, अर्ध्या वसईसमोर, मला म्हणाले, "मग सहावीत जा नि बघून ये. नि मला सांग." मग आतेकडे वळून, "अर्नाळ्याला निरोप धाड. पोरीचं काम बाकी हाय म्हनावं."

मी स्टेजवरच रडले. आनंदाने रडतात असं ऐकलं होतं, खरं वाटत नव्हतं. आते रागाने फणफणत घरी गेली आणि वाटेत ज्याला त्याला सांगत गेली, "माझी पोर काय बोलली, ऐकलंत?"

रविवारी पहाटे बाबा दोन हंडे स्वतः मावशींकडे पोचवून आले. सोमवारचे फुगे असे झाले, की जेवायला बसलेल्यांत मारामारी व्हायची बाकी होती. मी सतरा खाल्ले. मैत्रीण म्हणते एकवीस.

वर्ष-सव्वा वर्षात खरी दारूबंदी आली. बाबांची मडकी परसात पालथी पडली. एक पावसाळा फार ओढाताणीत गेला, खोटं कशाला बोलू. मग बाबा दुसऱ्यांच्या वाड्यांत केळीची कामं करायला लागले आणि माड चढायचे ते फक्त नारळांसाठी. माझी शाळा मात्र त्यांनी सुटू दिली नाही. सहावी झाली तेव्हा विचारलं, "सापडलं?" म्हटलं, नाही. म्हणाले, "मग मॅट्रिकात बघ."

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी मी वसईपासून धावत आले. बाबा माडावर होते. मी खालून ओरडले, "बाबा, पास झाले!"

वर कोयत्याचा आवाज थांबला. नुसत्या झावळ्या हलत होत्या. दारू काढणाऱ्यांचं पुढे काय होतं, त्याचं उत्तर तोवर त्यांना माझ्याहून चांगलं कळलं होतं. मलाही ते दिसत होतंच, रोज, घरात. तरी वरून आवाज आलाच, "सापडलं का ते?"

"नाही सापडलं, बाबा!"

"मग आता कालेजात बघ!" आणि लगेच, "बाजूला हो गो, नारळ पडतील."